शेताला कायमचं, घराला पाच वर्षं

टीडीआर हा शब्द मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना नवा नाही. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग असो किंवा रस्तारुंदीत गेलेल्या जागेचा मोबदला असो, कुणीतरी हा शब्द काढतंच. आणि तो निघाला की आपल्या डोळ्यांसमोर बिल्डर आणि वाढलेले मजले उभे राहतात. पण याच टीडीआरच्या जोरावर अमेरिकेतल्या एका श्रीमंत काउंटीनं ९३ हजार एकर शेती आणि मोकळी जमीन राखली आहे, तीही राजधानीच्या वेशीवर, हे सांगितलं तर?

माझ्या पीएचडीचा विषय भूवापरातले बदल हा आहे. म्हणजे कालच्या शेताचं आज प्लॉटिंग कसं होतं, किती वेगानं होतं, आणि कुठे होत नाही. यातलं ‘कुठे होत नाही’ हे मला जास्त खुणावतं, कारण शहराला लागून असलेली जमीन आपोआप कधीच वाचत नाही. ती वाचली असेल तर त्यामागे कुठला तरी नियम असतो, आणि त्या नियमाची किंमत कुणीतरी मोजलेली असते. आजच्या लेखात अशाच एका नियमाची गोष्ट सांगते. काउंटीचं नाव माँटगोमेरी, राज्य मेरिलँड. (काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा, फक्त तिथल्या काउंटीला जमिनीबाबतचे कायदे करण्याचे अधिकार आपल्या जिल्हा परिषदेपेक्षा खूपच जास्त असतात.)

हाताची पाच बोटं

माँटगोमेरी काउंटी वॉशिंग्टन शहराच्या उत्तरेला आणि वायव्येला पसरलेली आहे. पश्चिमेच्या बाजूनं पोटोमॅक नदी वाहते. आज ही अमेरिकेतल्या श्रीमंत काउंट्यांपैकी एक गणली जाते. ही श्रीमंती नुसती नशिबानं आलेली नाही, तिच्यामागे नियमही होते. १८९० मध्ये स्थापन झालेल्या चेव्ही चेस लँड कंपनीनं वॉशिंग्टनच्या सीमेवर उपनगर वसवलं तेव्हा प्लॉटच्या खरेदीखतातच अट घातली होती की इथे अमुक डॉलरपेक्षा कमी खर्चाचं घर बांधता येणार नाही. म्हणजे शेजारी कोण असणार, हे वीट लावण्याआधीच ठरलेलं!

दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानीतल्या सरकारी नोकऱ्या वाढल्या, गाड्या वाढल्या आणि माणसं काउंटीत येऊ लागली. १९५० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती साधारण १ लाख ६४ हजार. १९६० मध्ये ती ३ लाख ४१ हजार झाली, १९७० मध्ये ५ लाख २२ हजार. वीस वर्षांत तिपटीहून जास्त.

हा लोंढा कसा वळवायचा, याचा आराखडा १९६४ मध्ये तयार झाला. कल्पना सोपी होती. हाताचा पंजा पसरून टेबलावर ठेवा. तळवा म्हणजे वॉशिंग्टन. बोटं म्हणजे हमरस्ते आणि रेल्वेमार्ग. वस्ती त्यांच्या कडेनं वाढू द्यायची. आणि बोटांच्या मधल्या पाचरीसारख्या जागेत शेती, जंगल, मोकळी जमीन ठेवायची. नियोजनाच्या भाषेत याला ‘पाचरी आणि पट्टे’ म्हणता येईल.

कागदावर छानच. पण आराखडा नुसता इच्छा सांगतो, तो कुणाचा हात धरत नाही. पाचरीतल्या शेतकऱ्याकडे बिल्डर आला, चांगला भाव दिला, तर त्यानं का नाही म्हणावं?

पाच एकरांचा फसलेला उपाय

सत्तरच्या दशकात काउंटीनं पहिला उपाय केला तो कुणालाही सुचेल असाच होता. ग्रामीण भागात एका घरामागे किमान पाच एकर जमीन हवी, असा नियम केला. वाटलं, एवढी मोठी अट घातली की वस्ती थांबेल.

झालं उलटंच. पाच एकर हा आकडा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. तिथल्या शेतीसाठी पाच एकर म्हणजे काहीच नाही. मका, सोयाबीन किंवा गवत लावायचं तर सलग मोठं रान लागतं. पण पैसेवाल्या माणसाला बंगला, हिरवळ आणि घोड्याचा तबेला करायला पाच एकर अगदी झकास. म्हणजे नियमानं शेती तर वाचली नाहीच, उलट त्याच जमिनीवर कमी घरं आणि जास्त महाग घरं होऊ लागली. शेती गेली ती गेली, आणि सामान्य माणसाला घरही मिळालं नाही. जमीन राखण्याच्या नावाखाली मोठ्या प्लॉटची अट घालणारं कुठलंही गाव या सापळ्यात अडकू शकतं. भूवापराच्या अभ्यासात हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो.

जमीन ठेवायची, हक्क विकायचा

मग १९८० साल आलं. रॉयस हॅन्सन तेव्हा काउंटीच्या नियोजन मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत शेती राखण्याचा वेगळा मास्टर प्लॅन मंजूर झाला, आणि काउंटीच्या जवळपास एक तृतीयांश जमिनीवर, म्हणजे त्या ९३ हजार एकरांवर, ‘कृषी राखीव क्षेत्र’ जाहीर झालं. हे साधारण ३७६ चौरस किलोमीटर होतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या साडेतीन पट धरा.

नवा नियम असा: २५ एकरांमागे एकच घर. साहजिकच शेतकरी भडकले. काल पाच एकरांमागे एक घर बांधता येत होतं, आज एका ठरावानं जमिनीची किंमत कोसळणार. अनेकांसाठी ती जमीन म्हणजेच म्हातारपणाची पुंजी.

इथे टीडीआर आला. तो माँटगोमेरीनं शोधलेला नाही. न्यूयॉर्कनं साठच्या दशकातच जुन्या वास्तू वाचवण्यासाठी तो वापरला होता. माँटगोमेरीनं तो एवढ्या मोठ्या प्रमाणावर शेतीला लावला. हिशोब करून पाहू.

समजा तुमचं १०० एकर रान आहे. जुन्या नियमानं तिथे २० घरं झाली असती. नव्या नियमानं फक्त ४ होतील. पण काउंटी तुम्हाला पाच एकरांमागे एक याप्रमाणे २० हक्क देते. चार घरांसाठी चार हक्क राखून ठेवा. उरलेले १६ बाजारात विका. ते घेणार बिल्डर, पण त्यानं ते वापरायचे तुमच्या रानात नाही, तर काउंटीनं आखून दिलेल्या दुसऱ्या भागात, जिथे रस्ते, पाणी, ड्रेनेज आहे. तिथे त्याला त्या हक्कांच्या बदल्यात नेहमीपेक्षा जास्त घरं बांधता येतात. आणि तुम्ही हक्क विकलात की तुमच्या जमिनीवर कायमची नोंद होते. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसंच. फरक एवढाच की हा बोजा कधीच उतरत नाही. तुमच्या नातवाला, त्याच्याकडून विकत घेणाऱ्याला, सगळ्यांना तो लागू.

म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसे आले, बिल्डरला घरं मिळाली, आणि सरकारी तिजोरीला फारशी झळ बसली नाही. आजवर ५० हजार एकरांच्या आसपास जमीन या एका मार्गानं राखली गेली आहे. उपग्रहाच्या चित्रात त्या भागाची कड आजही स्पष्ट दिसते: क्लार्क्सबर्गच्या बाजूला दाटीनं बसलेली छपरं, आणि पुढे एकदम शेतांचे चौकोन.

आणि घरं?

शेती राखण्याच्या गोष्टी बहुतेक वेळा इथेच संपतात. पण ज्यांची घरं पाचरीत झाली नाहीत, ती माणसं गेली कुठे?

माँटगोमेरीचं वेगळेपण असं की शेतीच्या आधीच, १९७३ मध्ये, या काउंटीनं घरांचाही एक कायदा केला होता. महिला मतदार संघटना आणि घर देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध लढणारे गट यांनी तो लावून धरला होता. तेव्हाचा नियम असा की ५० किंवा त्याहून जास्त घरांचा प्रकल्प असेल तर त्यातली १५ टक्के घरं मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा दरात द्यायची. त्याच प्रकल्पात, त्याच रस्त्यावर; गावाबाहेर वेगळी चाळ बांधून नाही. बदल्यात बिल्डरला २० टक्क्यांपर्यंत जादा घरं बांधायची मुभा. ही मुभा उगाच दिलेली नव्हती. शेजारच्या व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीनं असाच कायदा मोबदल्याशिवाय केला होता, आणि तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला होता. माँटगोमेरीच्या कार्यकारी प्रमुखांनी तरीही या कायद्यावर नकाराधिकार वापरला. कौन्सिलनं तो झुगारून कायदा लागू केला. १९७४ पासून तो अमलात आहे आणि त्यातून १६ हजारांहून जास्त घरं उभी राहिली.

यातल्या काही घरांचं पुढे काय झालं ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी वाचावंच. काउंटीच्या गृहनिर्माण संस्थेला या परवडणाऱ्या घरांपैकी काही विकत घेता येतात. ती ही घरं अगदी गरीब कुटुंबांना भाड्यानं देते. कुठल्या कुटुंबाला कुठलं घर मिळेल हे जवळपास सोडतीसारखं ठरतं. म्हणजे नकळत एक प्रयोगच झाला! हेदर श्वार्ट्झ या संशोधिकेनं २००१ ते २००७ या काळात अशा कुटुंबांतल्या सुमारे ८५० मुलांचे शाळेतले गुण तपासले. सधन वस्तीतल्या शाळेत गेलेल्या गरीब मुलांनी प्राथमिक शाळा संपेपर्यंत गणितातलं आपलं अंतर जवळपास निम्म्यानं भरून काढलं. गरीब वस्तीतल्या शाळांना काउंटीनं जादा पैसे दिले होते, वर्ग लहान केले होते. तरी तिथल्या तशाच मुलांपेक्षा ही मुलं पुढे गेली. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घराचा पत्ता बदलला की मुलाचं आयुष्य बदलतं, हे आपल्या आईवडिलांनाही ठाऊक होतं. इथे त्याला आकडे मिळाले.

‘आमच्याकडे नको’

इतकं सगळं छान, मग घोडं अडलं कुठे?

पहिली अडचण आली ती हक्क घेणाऱ्या भागात. शेती वाचवायला सगळ्यांचा पाठिंबा होता, पण शेतातली घरं आपल्या गल्लीत येणार म्हटल्यावर सूर बदलला. काउंटीच्या पश्चिम भागातल्या रहिवाशांची संघटना कोर्टात गेली, आणि १९८७ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला: किती जादा घरं कुठे, हे नुसत्या मास्टर प्लॅनमध्ये लिहून चालणार नाही, त्यासाठी रीतसर झोनिंग करायला हवं. टीडीआरची कल्पना कोर्टानं मोडली नाही. काउंटीनं कायदा दुरुस्त केला आणि योजना चालू राहिली. पण एक गोष्ट उघड झाली: शेत देणाऱ्याशी करार करता येतो, घर सामावून घेणाऱ्याशी मात्र कुणी करार केलेलाच नसतो.

दुसरी अडचण शाळांची. १९७३ च्याच आणखी एका नियमानुसार, रस्ते आणि शाळा पुरेशा नसतील तिथे नव्या घरांना परवानगी थांबवता येत होती. बरोबरच वाटतं ना? आपल्याकडे असा नियम काटेकोर पाळला असता तर किती उपनगरं सुखी झाली असती! पण व्यवहारात असं झालं की शाळेत मुलं जास्त झाली की घरबांधणी बंद, आणि घरं कमी म्हणून असलेली घरं आणखी महाग. २०२० मध्ये काउंटीनं शाळेच्या कारणावरून आपोआप लागू होणारी ही बंदी काढून टाकली.

तिसरी अडचण काउंटीच्या हद्दीबाहेर दिसते. राखीव क्षेत्राच्या पलीकडे फ्रेडरिक काउंटी आहे. १९८० मध्ये तिथे साधारण १ लाख १५ हजार लोक होते, २०२० मध्ये २ लाख ७१ हजार. याला एकटं राखीव क्षेत्र कारणीभूत आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल. नोकऱ्या, रस्ते, बाजारभाव हे सगळं त्यात आहे. पण माँटगोमेरीत घर न परवडणारी माणसं वाचवलेल्या शेतांच्या कडेनं रोज गाडी हाकत कामाला येतात, हे नाकारता येत नाही. त्यांच्यासाठी फ्रेडरिकमध्ये जी शेतं गेली, ती माँटगोमेरीच्या हिशोबात कुठेच धरली जात नाहीत.

दोन कागद, दोन मुदती

आता मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट सांगते. वरचे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त मुदत वाचा.

शेताच्या कागदावर लिहिलंय: कायमचं.

परवडणाऱ्या घराच्या कागदावर सुरुवातीला लिहिलं होतं: पाच वर्षं. म्हणजे पाच वर्षांनंतर मालक ते घर बाजारभावानं विकायला मोकळा. १९७६ च्या सुमारास बांधलेली पहिली घरं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच या बंधनातून सुटू लागली. १९८१ मध्ये मुदत दहा वर्षं केली. २००५ मध्ये ती विकत घेतलेल्या घरांसाठी ३० वर्षं आणि भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षं झाली. तोवर हजारो घरं हातातून निसटली होती. बांधलेल्या एकूण घरांचा आकडा मोठा दिसतो. आजही परवडणारी उरलेली घरं त्याहून फारच थोडी. गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखं आहे हे. नळ चांगला चालतोय, पण हंडा भरत नाही.

असं का झालं असावं? माझं उत्तर असं. मोकळ्या जमिनीला राखणारे लोक आजच तिथे राहतात, मत देतात, सभेला येतात. ज्याला ते घर मिळायचंय तो माणूस अजून त्या काउंटीचा रहिवासीच नाही, मग सभेत हात कोण वर करणार? म्हणून दोघांमध्ये तोल साधायचा म्हटलं तरी तराजूचं एक पारडं कायमचं जड राहतं. यात कुणी खलनायक नाही. शेती वाचवणारे ढोंगी होते असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी केलेलं काम जगात मोजक्याच ठिकाणी झालं आहे. पण जमीन राखणं हा अर्धा निर्णय असतो. उरलेला अर्धा निर्णय घरांचा, आणि तो तेवढ्याच ताकदीच्या शाईनं लिहावा लागतो.

२०२२ मध्ये काउंटीनं १९६४ च्या आराखड्याच्या जागी नवा आराखडा मंजूर केला. शेतीचं राखीव क्षेत्र त्यातही शाबूत आहे. नवा भर आहे तो आधीच वसलेल्या भागांत वेगवेगळ्या प्रकारची घरं होऊ देण्यावर: एका बंगल्याच्या जागी दोन-तीन कुटुंबांचं घर, हमरस्त्यालगत छोट्या इमारती. त्यावरून जोरदार वादावादी झाली आणि अजून चालू आहे. म्हणजे ‘घरं कुठे’ हा प्रश्न, जो १९८० मध्ये शेतांच्या बाजूनं सुटला, तो आता बंगल्यांच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

आपल्याकडे

मुंबईत टीडीआर आला तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतून. बागेसाठी, रस्त्यासाठी आरक्षित जमीन पालिकेला द्या, बदल्यात विकासहक्काचं प्रमाणपत्र घ्या. शहर भागातला टीडीआर तेव्हा शहरात वापरायचा नव्हता, उपनगरात न्यायचा होता. उपनगरांत मूळ एफएसआय १ होता, तो टीडीआरनं २ पर्यंत जाऊ लागला. इथे हक्क पोचले, पण त्यांच्यामागून रस्ता, पाणी, शाळा त्याच वेगानं पोचल्या का, ते अंधेरी-बोरिवलीकरांना विचारा. पुण्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, आणि जमीनमालकांना त्याचा मोबदला किती द्यायचा यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. त्या चर्चेत टेकडी असते, मालक असतो, बिल्डर असतो. टेकडीवर जी घरं होणार नाहीत ती कुठे होतील, आणि ती कुणाला परवडतील, हे क्वचितच येतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘इतके एकर वाचले’ अशी बातमी वाचाल तेव्हा आनंद जरूर माना, मलाही होतो. फक्त बातमीच्या पुढच्या ओळीत दोन गोष्टी शोधा: घरं कुठे जाणार आहेत, आणि कागदावर मुदत किती लिहिली आहे.